शपथ देवाला, गोळी चोरून

दारूत बुडालेल्या माणसासाठी आपल्या समाजाने आजवर दोनच गोष्टी मनापासून केल्या. एक, त्याला देवाच्या दारात नेऊन शपथ घातली. दुसरी, ती शपथ मोडली की त्याच्या चहात त्याच्या नकळत गोळी विरघळवली. माणसाला दवाखान्यात न्यावं, त्याच्या शेजारी बसून आजार समजून घ्यावा आणि कोणतं औषध त्याला मानवेल ते त्याच्या संमतीने ठरवावं, हा सरळ रस्ता मधोमध मोकळा पडलेला आहे. तिकडे आपण फिरकत नाही. तिकडे गेलं की घरात आजार आहे हे कबूल करावं लागतं. पाप म्हटलं की ते त्याच्या एकट्याच्या माथी मारता येतं. आजार म्हटलं की घर, गाव, सरकार, सगळ्यांनाच काहीतरी करावं लागतं.

पन्हाळा तालुक्यातल्या वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर जोतिबा आहे. माघातल्या रविवारी खेटे घालायला माणसं कोल्हापुरातून पहाटेच निघतात. वडणगे, निगवे, कुशिरे करत, कित्येकजण अनवाणी, डोंगर चढतात. गुलाल, खोबरं आणि दवण्याच्या वासाने पायऱ्या भरून जातात. या गर्दीत एक कुटुंब हटकून असतं, ज्यात नवस फेडायला कुणी आलेलं नसतं. एकाला आणलेलं असतं.

असंच एक कुटुंब मी पायऱ्यांच्या कडेला टेकलो असताना बघितलं. साठीची आई, कडेवर पोर घेतलेली सून, आणि मधे पस्तिशीचा मुलगा. पांढरी टोपी नवी, दाढी सकाळीच केलेली आणि हनुवटीवर दोन ठिकाणी कापलेलं. त्याच्या हातात नारळ होता. तो नारळ स्थिर राहीना, म्हणून त्याने दुसऱ्या हाताने स्वतःचंच मनगट धरून ठेवलं होतं. आई म्हणाली, "हात ठिव पायरीवर. म्हण, आजपास्नं थेंब न्हाई. मोडली तर माझ्या पोराचं..." सून मधेच म्हणाली, "आत्या, पोराचं नाव नगा घिऊ." पोराला वगळून शपथ झाली. त्याने कपाळाला गुलाल लावला, 'जोतिबाच्या नावानं चांगभलं' म्हटलं आणि रडला. तो खोटं बोलत होता असं कुणी म्हणू नये. त्या घटकेला त्या डोंगरावर त्याच्याइतकं खरं बोलणारं दुसरं कुणी नसेल.

पण त्याचे हात पश्चात्तापाने थरथरत नव्हते. आदल्या रात्रीनंतर पोटात दारू गेली नव्हती म्हणून ते थरथरत होते. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या गुंगीला तोंड देण्यासाठी स्वतःचा वेग वाढवून बसलेला असतो. चढावर भरली गाडी ओढणाऱ्या बैलांचं जू एकदम सुटावं आणि ते तोंडावर पडावेत, तसं दारू अचानक थांबली की त्या मेंदूचं होतं. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत कापरं भरतं, घाम सुटतो, उलट्या होतात. पहिल्या दोन दिवसांत झटका येऊ शकतो, अगदी मिरगीसारखा. आणि काहींच्या बाबतीत दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान ताप चढतो, नाडी धावते, माणूस बरळू लागतो. भिंतीवर मुंग्या दिसतात, दारात पोलीस दिसतात, मेलेला चुलता कोपऱ्यात येऊन बसतो. डॉक्टर याला डिलिरियम ट्रेमन्स म्हणतात. उपचार मिळाला नाही तर यात माणूस मरतो.

गाव याला काय म्हणतं? शपथ घेतली, देव कडक आहे, अंगावर आला. किंवा करणी. किंवा बाहेरचं. ज्या रात्री त्या माणसाला शिरेतून जीवनसत्त्व बी-१, सलाईन आणि डॉक्टरच्या देखरेखीखाली क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपाम मिळायला हवं, त्या रात्री त्याच्या नाकाशी मिरच्यांची धुरी धरली जाते. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, धुरी देणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तो कायदा होण्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभं आयुष्य घातलं आणि त्यांचा खून झाल्यावरच आपल्याला तो करावासा वाटला. कायदा आला, पण कापरं भरलेल्या माणसाला बघून दवाखान्याची आठवण होण्याची सवय काही आली नाही.

यातून बहुतेकजण वाचतात ते एकाच मार्गाने. पहाटे कुणाचा डोळा चुकवून बाहेर पडतात, उतारा म्हणून एक नाइंटी मारतात आणि तासाभरात थरथर थांबते. दुपारी गावभर होतं, देवाची शपथ मोडली, नीच माणूस. त्याच्या शरीराने त्याला जगण्याचा जो एकच रस्ता ठाऊक होता तो धरला, आणि आपण जिवंत राहिल्याबद्दल त्याला शिव्या घातल्या. पुन्हा दारू सोडायचा विचार मनात आला की त्याला आधी काय आठवत असेल? ती रात्र. मग तो विचारच करत नाही, आणि आपण म्हणतो, त्याला सोडायचीच नाही.

दारू पिणारा प्रत्येकजण आजारी नसतो, आणि सोडणाऱ्या प्रत्येकाला झटके येत नाहीत. सणासुदीला घेणारा वेगळा आणि सकाळी हात स्थिर व्हावा म्हणून घेणारा वेगळा. मानसोपचारात यासाठी अकरा खुणा बघतात. ठरवल्यापेक्षा जास्त पिणं, कमी करायचे प्रयत्न फसणं, ओढ लागणं, कामाचे खाडे, घरात भांडणं होऊनही चालू ठेवणं, तेवढ्याच नशेसाठी प्रमाण वाढत जाणं, न मिळाल्यास कापरं, वगैरे. वर्षभरात यातल्या दोन-तीन दिसल्या तर आजार सौम्य, चार-पाच तर मध्यम, सहा किंवा जास्त तर तीव्र. म्हणजे आजार मोजता येतो. रक्तदाब मोजतात तसा मोजून त्याप्रमाणे उपचार ठरवता येतो. गावात मात्र दोनच मापं आहेत, 'घेतो कधीमधी' आणि 'पार वाया गेला'. पहिल्याला कुणी डॉक्टरकडे पाठवत नाही, कारण गरज वाटत नाही. दुसऱ्याला कुणी पाठवत नाही, कारण उपयोग वाटत नाही.

आजार म्हटलं म्हणून बायकोला मारायची मुभा मिळाली असं कुणी समजू नये. दारूच्या धुंदीत उचललेल्या हातालाही २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा लागू आहे आणि लागू झाला पाहिजे. माणूस आजारी असू शकतो आणि गुन्हेगारही असू शकतो. दोन्हीची दखल वेगवेगळी घ्यायची असते. आपण गुन्हा पोटात घालतो आणि आजाराला शिक्षा देतो, सगळा कारभार उलटा.

आता त्या चोरट्या गोळीबद्दल. एसटी स्टँडच्या भिंतींवर, विजेच्या खांबांवर, वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातींत तुम्ही ते वाक्य वाचलं असेल: न सांगता दारू सोडवा. पुडीत काय आहे ते पुडीवर लिहिलेलं नसतं. आणि औषधाच्या दुकानातून, कधी चिठ्ठीशिवायही, जी गोळी 'दारू सोडायची गोळी' म्हणून घरी येते आणि भाकरीच्या पिठात किंवा आमटीत मिसळली जाते, ती बहुधा डायसल्फिरामची.

या औषधाची गोष्ट मोठी विचित्र आहे. रबराच्या उद्योगात वापरल्या जाणाऱ्या एका रसायनाच्या कारखान्यात काम करणाऱ्यांना दारू अजिबात सोसेनाशी होते, असं १९३७ साली एका अमेरिकन डॉक्टरने नोंदवलं. दहाएक वर्षांनी कोपनहेगनमध्ये एरिक याकोबसेन आणि येन्स हाल्ड हे दोघे त्याच कुळातलं रसायन जंतांवर चालेल का ते तपासत होते. त्यांनी ते स्वतःवरच घेऊन पाहिलं आणि त्यानंतर दारू घेतल्यावर दोघांची गाळण उडाली. १९४८ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं आणि दारूवर पहिलं औषध मिळालं. ते काम करतं ते असं. दारू यकृतात तुटताना मधे एक विषारी पदार्थ तयार होतो, असिटाल्डिहाइड. एरवी शरीर तो लगेच पुढे मोडून टाकतं. डायसल्फिराम ती वाट बंद करतं. मग एका पेगवरही चेहरा लालबुंद होतो, डोकं ठणकतं, उलट्या होतात, छातीत धडधडतं, रक्तदाब पडतो. गोळी थांबवल्यावरही हा परिणाम एखाद-दोन आठवडे राहू शकतो.

म्हणजे ही गोळी दारूची ओढ कमी करत नाही. ती फक्त कुंपण घालते. आणि ज्याला कुंपण आहे हेच माहीत नाही, त्याचं काय होणार? तो नेहमीसारखा गुत्त्यावर जाणार, नेहमीसारखी क्वार्टर मारणार आणि रस्त्यात कोसळणार. हृदय कमजोर असलं तर तिथेच संपणार. वाचला तर डॉक्टरला काय झालं ते सांगता येणार नाही, कारण आपण काय खाल्लंय हे त्यालाच ठाऊक नाही. मग एक दिवस त्याला कळतं. त्या दिवसापासून तो घरात पाणीसुद्धा स्वतः भरून पितो. बायकोवरचा जो शेवटचा विश्वास उपचाराला उपयोगी पडला असता, तोही आपण गोळीसोबत विरघळवून टाकलेला असतो.

त्या बाईला मी दोष देत नाही. तिला दुसरं काही उरलेलंच नसतं. पगार गुत्त्यावर, दागिने सोसायटीत, सासू म्हणते तुझा पायगुण, माहेर म्हणतं सहन कर, आशाताई म्हणते तालुक्याला जा, तालुक्यात म्हणतात जिल्ह्याला जा. त्या साखळीच्या टोकाला एक माणूस भेटतो जो म्हणतो, ताई, काही करू नका, ही पुडी घाला. तो तिचं ऐकून घेतो, एवढ्यानेच तिला तो देव वाटतो. दोष आहे तो तिला पुडीवाल्याच्या दारापर्यंत एकटीला चालत जाऊ देणाऱ्या सगळ्यांचा. चिठ्ठी न बघता गोळी देणाऱ्या दुकानदाराचा आणि 'गुपचूप द्या' असं सांगणाऱ्या डॉक्टरचाही. असे डॉक्टर आहेत, हे या पेशातल्या कुणी नाकारू नये.

हीच गोळी उघडपणे घेतली तर कामाची आहे. माणसाने स्वतः ठरवलं, यकृत आणि हृदय तपासलं, दारू थांबून किमान काही तास गेले, आणि रोज सकाळी बायकोच्या किंवा भावाच्या समोर त्याने ती आपल्या हाताने घेतली, तर फायदा होतो. दारू कशाकशात दडलेली असते तेही त्याला सांगावं लागतं. खोकल्याची काही औषधंही टाळावी लागतात. ज्याला रोज सकाळी एकदाच निश्चय करून दिवसभर मोकळं व्हायचंय, त्याला ही गोळी बरी पडते.

पण औषध एकच नाही, हे गावाला कुणी सांगितलेलंच नाही. नाल्ट्रेक्सोन नावाची गोळी आहे. ती घेतल्यावर दारू पिऊन जो आनंद मेंदूला मिळतो तो फिका पडतो आणि पहिल्या पेगनंतर दुसऱ्याची जी अनावर ओढ लागते ती कमी होते. ती सुरू करायला आधी पूर्ण दारू सोडलेलीच हवी असंही नाही. कधीमधी घसरणाऱ्याला, 'एक घेतली की थांबता येत नाही' असं सांगणाऱ्याला तिचा विचार करतात. पण जो अफूच्या वर्गातली वेदनाशामकं किंवा गर्द घेतो त्याला ती देता येत नाही, आणि यकृताची तपासणी हवी. अमेरिकेत दारूसाठी तिला १९९४ साली परवानगी मिळाली. दुसरं औषध अकॅम्प्रोसेट. दारू सोडल्यानंतर आठवडे-महिने जी अस्वस्थता, झोपमोड, किरकिर राहते, ती ते निववतं. दिवसातून तीनदा घ्यावं लागतं, हा त्याचा कंटाळा. पण ते यकृतावर भार टाकत नाही. मूत्रपिंडं मात्र ठीक असावी लागतात. ज्याचं यकृत आधीच सुजलंय किंवा आकसलंय, त्याच्यासाठी बॅक्लोफेनही वापरतात. नाल्ट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट ही दोन्ही औषधं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. म्हणजे पॅरासिटामॉल ज्या यादीत आहे त्या यादीत.

हे सगळं का सांगतोय? तुम्ही गोळ्या निवडाव्यात म्हणून नव्हे. डॉक्टरसमोर बसल्यावर गप्प बसू नये म्हणून. कापरं भरण्याचा धोका किती, भरती करावं लागेल का? यकृत कसं आहे? हे औषध ओढ कमी करतं की फक्त अद्दल घडवतं? किती महिने घ्यायचं? मधे घसरलो तर काय करायचं? एवढं विचारण्याचा अधिकार त्या माणसाचा आहे आणि त्याने होकार दिला तर त्याच्या घरच्यांचाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक विकार मानसिक आजारात धरले आहेत. त्या कायद्याने माणसाला उपचार मिळवण्याचा हक्कही दिला आणि काय उपचार चाललाय हे कळण्याचा हक्कही. चहात गोळी घालणं हे त्या कायद्याच्या आत्म्यालाच काळं फासणं आहे.

आणि हा हक्क किती जणांपर्यंत पोचला? केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी सर्वेक्षणात दारूवर अवलंबून असलेल्या ३८ माणसांपैकी जेमतेम एकाने कसलीतरी मदत मिळाल्याचं सांगितलं. भरती होऊन उपचार मिळाला तो १८० मध्ये एकाला. उरलेले १७९ कुठे गेले? देवळात, भगताकडे, पुडीवाल्याकडे आणि बरेचसे थेट स्मशानात.

बाटली कुठून येते त्याबद्दल मात्र आम्ही फार सभ्यपणे गप्प असतो. हा उसाचा मुलूख आहे. साखर निघाली की मळी उरते, मळीपासून मद्यार्क, आणि त्या मद्यार्कापासून इंधनात मिसळायचं इथेनॉल जसं होतं तशीच देशी दारूही होते. आसवनीच्या नफ्यावर ज्या गावांत सोसायट्या, शाळा, सभागृहं उभी राहिली, त्याच गावांत व्यसनमुक्ती शिबिराचं उद्घाटन करायला कारखान्याच्या संचालकांनाच बोलावतात. ते दीप लावतात, तरुणांनी व्यसनांपासून दूर राहावं असं सांगतात आणि निवडणूक आली की रात्रीच्या जेवणावळीत काय वाटलं जातं ते सगळ्या तालुक्याला ठाऊक असतं. गोवा बनावटीची दारू पकडल्याची बातमी कोल्हापूरच्या वर्तमानपत्रांत इतकी नेहमीची झालीय की वाचणारा तिच्यावरून पुढे पावसाच्या बातमीकडे जातो. राज्य सरकारने २०२५ च्या जूनमध्ये मद्यावरचं उत्पादन शुल्क वाढवलं. त्यातून वर्षाला सुमारे १४,००० कोटी जादा मिळतील असा अंदाज मांडला. मिळू देत. पण त्यातला एक रुपया तरी प्रत्येक तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात नाल्ट्रेक्सोनची गोळी आणि ती देता येणारा डॉक्टर ठेवण्यासाठी राखून ठेवा, अशी मागणी एका तरी आमदाराने सभागृहात लावून धरली पाहिजे.

जोतिबाच्या डोंगराशी आणखी एका माणसाचं नातं आहे. जोतीराव फुल्यांचा जन्म १८२७ सालचा, आणि त्यांचं नाव या दैवतावरून ठेवलं अशी चरित्रांतून नोंद आहे. १८८० साली पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना शहरात दारूची दुकानं वाढू देण्याच्या विरोधात त्यांनी नगरपालिकेच्या अध्यक्षांना लेखी कळवलं. त्यांच्या काळात दारूवर औषध नव्हतं. दुकान थांबवणं एवढंच हातात होतं, ते त्यांनी केलं. आज औषध आहे. त्यांच्या पुतळ्याला हार घालणारे दुकानही थांबवत नाहीत आणि औषधही आणत नाहीत.

गावोगावच्या बायकांनी मात्र फुल्यांचा वारसा चालवला. उभी बाटली की आडवी, असं मतदान घडवून त्यांनी दुकानं बंद पाडली. त्या धैर्यापुढे हात जोडावेत. पण दुकान बंद झालेल्या दिवशी गावातल्या दहा-वीस तीव्र आजारी माणसांचं काय, हा विचार मोर्चाच्या आधी झाला पाहिजे. नाहीतर ते शेजारच्या गावात जातात, हातभट्टीकडे वळतात किंवा घरात कापऱ्याने तडफडतात. आडव्या बाटलीच्या मतदानाच्या आठवड्यात गावात मानसोपचारतज्ज्ञाचं शिबिर लागलं पाहिजे. ग्रामपंचायतीने ते मागितलं पाहिजे.

व्यसनमुक्ती केंद्र म्हटलं की आणखी एक अंधार आहे. रात्री गाडी येते, चार जण माणसाला उचलतात, महिनाभर कोंडतात, मारतात, केस कापतात आणि घरचे त्याबद्दल पैसे मोजतात. अशा जागांना केंद्र म्हणायची लाज वाटते. कायद्याने त्यांची नोंदणी हवी, डॉक्टर हवा, माणसाला तक्रार करायची सोय हवी. तुलनेला पुण्याचं मुक्तांगण घ्या. अनिल अवचटांनी गर्दवर लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी देणगी दिली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी केंद्र सुरू केलं. लेखकाच्या लेखाने एक रुग्णालय उभं राहिलं, अशी उदाहरणं मराठीत फार नाहीत. साताऱ्यात दाभोलकरांनी सुरू केलेलं 'परिवर्तन' आहे. या जागांनी माणसाला माणूस म्हणून वागवून बरं करता येतं हे दाखवून दिलं. मग कोंडून मारणाऱ्यांकडे आपण भावाला का पाठवतो? मला वाटतं, आपल्याला तो बरा होण्याआधी त्याला शिक्षा झालेली बघायची असते.

'गोळी म्हणजे एका व्यसनाच्या जागी दुसरं' हा आक्षेप मी सुशिक्षितांकडूनच जास्त ऐकतो. नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट, डायसल्फिराम यांची नशा होत नाही, त्यामुळे दारूच्या बाबतीत हा आक्षेप निव्वळ अज्ञान आहे. गर्द, अफू, नशेसाठी घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या यांच्या बाबतीत त्यात अर्धं सत्य आहे. तिथे ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन देतात आणि ती स्वतः अफूच्या कुळातली आहेत. पण ठरलेल्या मात्रेत, देखरेखीखाली घेतली तर माणूस सुई टोचत नाही, चोरी करत नाही, कामावर जातो; अतिमात्रेने मरण्याचं आणि सुईतून एचआयव्ही होण्याचं प्रमाण घटतं. ज्या बापाला मुलगा शुद्ध पण मेलेला चालतो आणि गोळीवर पण जिवंत चालत नाही, त्याच्याशी मला वाद घालायचा नाही. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभांतही कुणीकुणी गोळ्या सोडायला सांगतात. १९३५ साली सुरू झालेल्या त्या संघटनेने आपल्या पत्रकात स्पष्ट म्हटलंय की सदस्यांनी डॉक्टर बनू नये. सभा आणि गोळी यांचं भांडण लावणारे दोन्हींचं नुकसान करतात. गोळी ओढ कमी करते. रिकामी झालेली संध्याकाळ सभेने, घराने, कामाने भरायची असते.

आणि मिसरी? सकाळी चुलीपुढे भाजलेली तंबाखू हिरड्यांना चोळणारी आई मुलाला 'दारू सोड' म्हणते, तेव्हा दोघंही आजारीच असतात. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे आणि तो टपरीवर मिळतो. निकोटिनच्या गोळ्या, च्युइंगम, व्हॅरेनिक्लिन हे सगळं बाजारात आहे. पण मिसरी हे आपल्याकडे व्यसन मानतच नाहीत. ते बाईचं असतं आणि घरात चालतं, म्हणून.

जोतिबाने या डोंगरावर रत्नासुराला मारलं अशी कथा आहे. भक्ताच्या श्रद्धेला धक्का लावायची मला गरज वाटत नाही. शपथेत बळ असतं. त्या माणसाचं रडणं मी बघितलंय. पण शपथ उपचाराला जोडून यावी, उपचाराच्या ऐवजी येऊ नये. म्हणून देवस्थान व्यवस्थापन समितीला माझी मागणी आहे. खेट्यांच्या आणि चैत्र यात्रेच्या काळात पायऱ्यांजवळ एक फलक लावा. रोज पिणाऱ्याने अचानक थांबवल्यास जिवाला धोका असतो, आधी डॉक्टरला दाखवा, एवढंच त्यावर मोठ्या अक्षरांत लिहा. यात्रेच्या आरोग्य केंद्रात एक मानसोपचारतज्ज्ञ बसवा. गुरव मंडळींनी शपथ घ्यायला आलेल्याचे हात बघावेत, आणि ते थरथरत असतील तर अंगारा देऊन झाल्यावर खालचा दवाखाना दाखवावा.

आणि ज्यांच्या घरी असा माणूस आहे, त्यांना एवढंच. पुडी आणू नका. गोळी लपवू नका. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आहे आणि मानसिक आरोग्याची टेलिमानस १४४१६; दोन्हीकडे फोनला पैसे पडत नाहीत आणि टेलिमानसवर मराठीतून बोलता येतं. कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. त्याला सोबत घेऊन जा, त्याला बोलू द्या आणि औषध त्याच्या समोर लिहून घ्या. डोंगर त्यानंतर चढा.